कलावंताला एकांत पाहिजे

...आणि सांगायची वेळ तरी बघा हो! मी आपला ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसलेला, साधा मंगळवार, सकाळचं ऊन नुकतं पायरीवर आलेलं. आता तुम्ही म्हणाल, लेखक माणूस, चार पुस्तकं नावावर, आणि डाळ निवडतो? मग कोण निवडणार? आमची ही, सुमती, गेल्यापासून माझं निम्मं चिंतन सुपातच चालतं. तर मी एक खडा दोन बोटांत धरून, हा खडा की डाळ, अशा विचारात, आणि समोरून आमच्या आर्वीच्या वाचनालयाचे चिटणीस हरिभाऊ धावत! धोतराचा सोगा हातात, तोंडभर हसू!

"अण्णाजी, पास झाला! ठराव पास झाला! होतकरू कलावंत येऊन राह्यला आपल्या गावात! दोन महिने मुक्काम! राहाले खोली, जेवाले वार, अन् कामाले एकांत!"

मी म्हटलं, वा, उत्तम! कुठे ठेवताय?

"तुमच्याकडे."

माझ्याकडे काऊन बुवा?

"असं काय करता? अख्ख्या आर्वीत एकांत कुठं हाय, तर तुमच्या घरी! बाकीच्यांच्या घरी लेकरं, सुना, म्हशी... तुमच्याकडे कसा एकांतच एकांत!"

इतक्या कौतुकानं म्हणाला हो, की मला वाईट वाटून घ्यायचंही सुचलं नाही. आणि चूक काय होती त्याचं? कलावंताला काय पाहिजे? एकांत पाहिजे! आणि तो माझ्याकडे पडून होता.

आला. श्रीधर त्याचं नाव, तळेगावचा, श्यामजीपंताच्या तळेगावचा. बाप बैलगाड्यांच्या साट्यांवर फुलं-मोर रंगवणारा, आणि हा नागपुरात चित्रकला शिकून आलेला. पाठीवर पेटी, काखेत गुंडाळलेलं कापड. चौकटीवर ताणलं तर दाराएवढं झालं! म्हणाला, "अण्णाजी, जिनाबाहेर, सरकी काढतात नं तिथं, कापसाच्या गाड्या लागतात, ती रांग काढाची हाय मले. सारी रांग. एकाच चित्रात." मी म्हटलं, काढ बाबा. तो कापड सरळ करत म्हणाला, "रथसप्तमीपर्यंत झालं पाहिजे. नागपूरची माणसं पाहाले येणार, पसंत पडलं तर तिथल्या प्रदर्शनात लागंल. नाई झालं तर बाबा म्हणते, पुष्कळ झालं, घरी येजो अन् गाड्या रंगवजो."

तिकडे आमचे मोतीलालशेठ, वाचनालयाचे अध्यक्ष, त्यांनी बैठकीत बजावलेलंच होतं, "देखो हरिभाऊ, चित्र झालं तर हर साल एक कलावंत बोलवू. नाही झालं तर फिर ये नाटक बंद." म्हणजे बघा, एका पोराचं आयुष्य आणि पुढच्या सगळ्या होतकरूंचं दार, दोन्ही त्या एका कापडावर! म्हणून मी मागची खोली दिली. सुमतीची. उजेड चांगला येतो तिथे. तिचं जातं तेवढं कोपऱ्यात सरकवलं, श्रीधरनं त्यावर रंगाच्या बाटल्या मांडल्या, मी दार ओढून घेतलं. कलावंताला एकांत पाहिजे, दुसरं काय?

आणि इथेच आमच्या मंडळानं घोळ घातला. जेवायला वार! वार माहीत आहेत ना? शिकायला आलेल्या गरीब मुलाला सात घरांनी सात दिवस वाटून जेवू घालायचं, सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. पद्धत चांगलीच हो, माझंही शिक्षण वारांवरच झालं. पण शाळकरी पोरगं जेवतं आणि पळतं. हा होता चित्रकार! तुम्हीच सांगा, ज्याच्या हाताची पाटवडी खाल्ली त्याला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

सोमवार शोभाबाईंचा, आमच्या शेजारीण. पहिल्याच सोमवारी गोळाभात वाढता वाढता म्हणाल्या, "बापा, आमच्या मामंजींचं चित्र काढून देशीन का रे?"

"काढतो नं मावशी. फोटो दाखवा."

"फोटो कुठचा? फोटो काढला का माणूस लवकर जाते म्हणत होते ते. फोटो नाई काढला, तरी गेलेच."

"मग काढू कसं?"

"त्यात काय एवढं? नाक आमच्या ह्यांचं घे, जसंच्या तसं हाय. कान माह्या दिराचे. भुवया नणदेच्या, ते येऊनच राह्यली माहेरी. अन् टक्कल... टक्कल कोणाचंबी चालंल."

झालं! माझ्या मागच्या खोलीत ही मंडळी ओळीनं बसली. एक नाक द्यायला, एक कान द्यायला, नणंदबाई भुवया द्यायला डोळे ताठ करून. श्रीधर कोळशानं काढतोय, आणि मागून सगळे एकदम, "थोडं खाली... आणखी... अरे जाड कर नं ओठ, तंबाखू धरत होते ते तिथं... हां! हां!" मी दारातून डोकावलो. तुम्हाला सांगतो, शोभाबाईंनी काय केलं असेल? पटकन पदर डोक्यावर घेतला! सासरा समोर आला की घेतात ना, तसा. त्यांच्या त्यांनाही कळलं नाही. मग पदर डोळ्यांना लावला. दीर म्हणाला, "वयनी, रडू नका, आता ते ओरडतीन."

आता हे गावात पसरायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओसरीवर रांग! जिनाबाहेर कापसाच्या गाड्यांची नसेल अशी! फोटो कोणाकडेच नाही, आणि गेलेली माणसं तर प्रत्येकाकडे. बाजारात लोक भाजी सोडून एकमेकांची नाकं पाहायला लागले. कोणी मला अडवून म्हणे, "अण्णाजी, जरा इकडं वळा... नाई, तुमची मान नाई जमत." मी म्हणायचो, अरे, कलावंताला एकांत पाहिजे! तर म्हणत, "हो जी, एकांतातच बसू नं आमी, दार लावून!"

आणि ते बापूराव आणि नानाजी! सख्खे भाऊ, वावराची वाटणी झाल्यापासून बोलणं बंद. दोघांनाही आई पाहिजे! आईचं कपाळ आलेलं बापूरावांकडे आणि हनुवटी नानाजींकडे. एकट्यानं येऊन भागेना. आले शेवटी, पाठीला पाठ लावून बसले. बापूराव छताकडे बघत म्हणतात, "त्याले म्हणा, हनुवटी वर कर. मायची अशी पडलेली नवती." नानाजी भिंतीकडे बघत म्हणतात, "त्याले म्हणा, कपाळाले आठ्या घालू नको. मायले आठ्या याच्याच पायी पडल्या होत्या." श्रीधर बिचारा मधे, निरोप्या! संध्याकाळी आईचा चेहरा जुळला. दोघंही वळून चित्राजवळ आले. मग नानाजी म्हणाले, आणि या वेळी भिंतीला नाही, "दादा, माय बारीक झालती रे शेवटी." बापूराव म्हणाले, "हो." पुढे चित्र कोणाच्या घरी लावायचं यावरून पुन्हा जुंपली ती वेगळी! शेवटी ठरलं, पोळ्याला इकडून तिकडे न्यायचं आणि होळीला तिकडून इकडे. म्हणजे वर्षातून दोनदा तरी एकमेकांची पायरी चढणार.

आता मी यावर रागावू कसा? सांगा ना! पण इकडे ते दाराएवढं कापड! संक्रांत तोंडावर आली आणि त्यावर काय होतं? वर थोडं आभाळ आणि खाली एक शिंग. एक शिंग हो! बैलसुद्धा नाही! मी विचारलं, श्रीधर, अरे, गाड्या? तो बोटाचा कोळसा पुसत म्हणाला, "काढतो नं अण्णाजी. आज गुरुवारच्या घरची आजी तेवढी होऊ द्या." डोळे लाल, हात काळे, आणि पोटात पुरण. पोराला नाही म्हणता येत नव्हतं, आणि गावाला थांबता येत नव्हतं.

तेव्हा मी उठलो. मी! आयुष्यात कोणावर आवाज न चढवलेला माणूस! खोलीला बाहेरून कडी घातली, ओसरीत सतरंजी टाकून दारात बसलो आणि जाहीर केलं, आजपासून एकही मयत माणूस आत जाणार नाही! जिवंत तर नाहीच नाही! कलावंताला एकांत पाहिजे!

पहिले कोण आले असतील? हरिभाऊ! ठराव करणारे! "अण्णाजी, माही आत्या तेवढी... लहान होती हो चणीनं, लवकर होईन." नाही म्हणजे नाही. गाव फुगलं. थेट वारांवर परिणाम! बुधवारच्या वरणाला फोडणी नाही. गुरुवारच्या भाकरी वातड. शुक्रवारी तर त्या घरच्या सुनेनं ताट आपटून विचारलं, "चित्रकार एकांतातच जेवते का, इथं येते?" श्रीधर मुकाट्यानं खाऊन यायचा, मी कडी घालायचो. आतून ब्रशाचा आवाज यायचा, खस्स, खस्स. एका शिंगाची दोन झाली, बैल आला, बैलामागे गाडी, गाडीमागे गाडी. मी बाहेर बसल्या बसल्या ऐकायचो. त्या खोलीतून काही काम केल्याचा आवाज येतोय, हेच किती दिवसांनी होतं.

आणि मग शोभाबाई आल्या. दारापुढे उभ्या राहिल्या, कमरेवर हात.

"अण्णाजी, आमच्यावर काऊन राग काढून राह्यले?"

राग नाही हो वहिनी. त्याला वेळ नाही.

"सुमतीचं काढून घेतलं का तुमी?"

मी म्हटलं, नाही.

"काऊन?"

आता काऊन म्हणजे काय? फोटो नाही. आमच्या लग्नाला फोटोवाला आला नव्हता, पुढे काढू काढू म्हणत राहिलं. मूलबाळ नाही. तिला भाऊ नाही, बहीण नाही. नाक कोणाचं आणणार? बापूरावांना नानाजी तरी होते. मी एवढंच म्हटलं, सोय नाही, वहिनी.

त्या गेल्या. मला वाटलं, सुटलो. तासाभरानं बघतो तर काय! गल्लीतल्या बाया चालत येताहेत, केस विंचरलेले, कुंकू लावलेलं. पुढे शोभाबाई. आल्या आणि ओसरीवर ओळीनं बसल्या. "हे पाहा," शोभाबाई म्हणाल्या, "ही तानाबाई, कपाळ सुमतीचंच हाय, उलीसं मोठं, पण चालंल. ही इंदिरा, हिचे डोळे. माह्या सुधाच्या गालाले हसल्यावर तशीच खळी पडते, हास गं सुधा. अन् ओठ माहे घ्या, सुमती मले म्हणे, शोभाबाई, आपण दोघी बहिणी दिसतो. सोय नाई म्हणता? घ्या काय पाहिजे ते!"

तुम्हाला काय सांगू... मी पाहिलं. आधी तानाबाईकडे पाहिलं. मग इंदिरेकडे. खरंच होतं हो. इतकी वर्षं ही माणसं समोरून जात होती आणि मला कधी दिसलं नव्हतं. सुधा हसली, आणि मी सतरंजीकडे बघायला लागलो.

आणि मागे कडी. आत पोरगं शेवटच्या गाड्यांवर होतं, रथसप्तमी परवावर आलेली. हाक मारली असती तर तो लगेच आला असता, ब्रश तसाच टाकून. नाही म्हणताच येत नव्हतं ना त्याला! म्हणून तर मी बसलो होतो तिथे.

मी म्हटलं, "वहिनी, कलावंताला एकांत पाहिजे."

कोणी रागावलं नाही. शोभाबाई पदर खोचून उठल्या, म्हणाल्या, "चाय, साखर कुठं ठेवता तुमी?" आणि आत जाऊन सगळ्यांचा चहा केला. आम्ही सगळे चहा प्यालो, ओसरीवर, अगदी हळू आवाजात बोलत, आतल्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

चित्र झालं! रथसप्तमीला वाचनालयात लावलं, नागपूरची माणसं आली, आणि गाव लोटलं. गाड्याच गाड्या, पांढरा कापूस, थंडीचं ऊन... आणि सगळं गाव जवळ जाऊन जाऊन शोधतंय. कोणाचं नाक, कोणाचे कान! आणि काय? एकूण एक गाडीवान कापसावर झोपलेला, डोक्यावरून घोंगडी ओढून! एकाचंही तोंड दिसेना! बापूराव चिडले, "एवढी माणसं काढली, अन् तोंड एकाचंबी नाई?" श्रीधर माझ्या कानात म्हणाला, "अण्णाजी, आता तोंड म्हटलं का घाबरतो मी." पण नागपूरची माणसं चित्रापुढून हलेनात. प्रदर्शनाला घेऊन गेली. मोतीलालशेठ उठून म्हणाले, "हर साल!" हरिभाऊंनी टाळी वाजवली ती थांबवेचना.

पुलगावच्या छोट्या आगगाडीत बसताना श्रीधरनं माझा हात धरला. "अण्णाजी, शोभामावशीनं सांगतलं मले. बाईंचं राह्यलं. थांबू का चार दिवस?"

मी म्हटलं, वेडा आहेस का? नागपूरला तुझी वाट बघताहेत. दरवर्षी कलावंत यायचाच आहे आता, पुढच्या वर्षीचा काढेल. गाडीनं शिटी दिली, तो दारात उभा राहून हात हलवत गेला.

तर मंडळी, वर्ष झालं. मंडळानं अर्ज मागवले, बैठक घेतली, एकमतानं निवड केली, आणि कलावंत आला. वार लागले, मागची खोली दिली. आतून आवाज येतोय ना हा मघापासून? ऐकू येतोय ना? धा धिन धिन धा! पहाटेपासून हेच! तबलजी आहे. कारंज्याचा. गुणी पोरगा आहे, हात गोड आहे, मी दारात बसून कोणाला आत जाऊ देत नाही.

सुमतीचं चित्र काढायचं राहिलं.