कोणी कोणाचा हात धरला

हॅलोविनच्या संध्याकाळी जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या बसस्टॉपवर मराठी ऐकू आलं आणि उत्कर्षाने कानातले हेडफोन काढले. बाकावर नवरा-बायको होते आणि मध्ये चेटकीण झालेली त्यांची छोटी लेक.

"निनाद, थर्मासमध्ये काय आहे?"

"ग्लूवाइन. थंडीत जरा गरम गरम. किंडरगार्टनमधले सगळेच आईबाप आणतात गं."

"आणू देत. पोरं चॉकलेटं मागत दारोदार पळणार, तेव्हा तू एक थेंबही घ्यायचा नाहीस. इकडे दे तो."

"एकच कप, ऋचा! गेल्या वर्षीही घेतलीच होती. काय बिघडलं?"

"आल्झो, चल तर मग, हिलाच विचारू. अन्वी, गेल्या वर्षी रस्ता ओलांडताना कोणी कोणाचा हात धरला होता?"

"मी, बाबाचा. आज पण धरू?"