गाडा शिवेपार जाणार न्हाई

तारामती : जोडे बाहेर काढ, डाक्टरीनबाई. आत आई आलीय.

बुशरा : काढते, आजी. पण देवीसाठी नाही. माझ्या जोड्यांबरोबर रोग दुसऱ्याच्या सशांत जाऊ नये म्हणून.

तारामती : रोग म्हणू नको. तोंड सुजलं, डोळे चिकटले, कानाच्या मुळाशी गाठी आल्या. माझ्या सासूनं गावातली देवी बघितली होती. खुणा तिनं शिकवल्यात. शाळेत दोनच वर्ग शिकले मी, पण सासूच्या शाळेत नापास न्हाई झाले.

बुशरा : खुणा बरोबर आहेत, नाव चुकलं. गुरुवारी मी डोळ्यातला पू तपासायला नेला होता ना, त्याचा रिपोर्ट आलाय. मिक्सोमॅटोसिस.

तारामती : तोंडात खडे घालून काय बोलायलीस?

बुशरा : मीसुद्धा कॉलेजात नुसता वाचला होता. उदगीरला आल्यापासून पहिल्यांदाच बघतेय. विषाणूचा रोग आहे, सशांचा.

तारामती : मग दे की औषध.

बुशरा : औषध नाही. बाहेरच्या देशांत लस आहे, आपल्याकडं मिळत नाही.

तारामती : नाव हातभर आन् औषध न्हाई! इतकी वर्षं शिकून केलंस काय, बाई?

बुशरा : कुणाला होत नाही ते शिकले. माणसाला होत नाही, म्हशीला नाही, शेळीला नाही. आणि पसरतो कसा तेही शिकले. आजारी सशाला चावलेला डास चांगल्याला चावतो. पिसवाही तेच करतात. एकमेकांना चिकटून बसले तरी लागतो. आजी, हे ओलं गोणपाट कुणी बांधलं?

तारामती : मी. आईला थंडावा लागतो. दिवसातनं तीनदा पाणी मारते. घमेली भरून ठेवलीत चारी कोपऱ्यात. धूर केला न्हाई, आईला धूर सोसत न्हाई. आन् समद्यांला एका खोलीत घेतलं. आईपासून लेकरं येगळी ठेवायची नसतात.

बुशरा : किती दिवस झाले?

तारामती : आज पंधरावा.

बुशरा : पहिल्या दिवशी किती आजारी होते?

तारामती : एकच. जत्रेतनं आणलेला तपकिरी नर. तो गेला आठव्या दिवशी.

बुशरा : आणि आता?

तारामती : सात.

बुशरा : हं.

तारामती : हं काय? तोंडावर बोल. अर्धं बोललेलं मी ऐकून घेत न्हाई.

बुशरा : मग या घमेल्यात बघा. वळवळतात त्या डासांच्या अळ्या. रोग त्या नराबरोबर आला, आजी. डास तुम्ही पोसले.

भुजंग : वैनी! ओ वैनी! बाहेर या, गाडा जुंपलाय!

बुशरा : कोण आहे?

तारामती : माझा धाकटा दीर, भुजंग. पारावर वाघ असतो, घरात बायकोला विचारून चहा पितो. भुजंग, दारातच थांब! आत पाय टाकू नको.

भुजंग : पारावर ठरलंय, वैनी. आई आलीय तर आईला पोचवायची. समदे ससे, चांगले-वाईट, गाड्यात घालायचे, हळदकुंकू वाहायचं आन् शिवेपार सोडून यायचं. आज्ज्याच्या येळंला असंच केलं होतं.

बुशरा : जिवंत सोडणार? पलीकडं अमीरबीकडं तीस ससे आहेत, काका. तिच्या दारात रोग नेऊन ठेवाल.

भुजंग : तिकडलं तिकडं बघतील.

तारामती : अमीरबीचं आन् माझं वर्ष झालं बोलणं न्हाई. बचत गटाच्या बैठकीत मला चारचौघीत गर्विष्ठ म्हणली.

भुजंग : मग झालं तर!

तारामती : काय झालं? खोटं बोलली का ती?

भुजंग : वैनी, आई आली हे तुम्हीच म्हणलात. तुमच्या शब्दावर गल्लीत पंधरा दिवस फोडणी पडली न्हाई. लेकरं बिनतिखटाचं खायलीत. आता मागं सरलात तर लोक हसतील.

तारामती : माझं चुकलं.

भुजंग : काय?

तारामती : कानात बोळे हायत का? चुकलं म्हणलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा म्हणायलेय. दुसऱ्यांदा म्हणायला लावू नको.

भुजंग : पारावर काय सांगू मी?

तारामती : तू सांगशील म्हातारीचं डोस्कं फिरलं. मीच येते. माझ्या तोंडानं आई आली होती, माझ्याच तोंडानं जाईल. आन् गाडा शिवेकडं हलला तर मी बैलांपुढं आडवी होईन. बैल तुझ्यापेक्षा शहाणे हायत, थांबतील.

बुशरा : चांगले चौदा आहेत. आजच दुसरीकडं न्यायचे, मच्छरदाणीत ठेवायचे. हे पाणी ओतून द्यायचं. पिसवांचं औषध मी देते. दोन आठवडे नवीन ससा आणायचा नाही, इथला बाहेर जाऊ द्यायचा नाही.

तारामती : वाचतील?

बुशरा : वचन देत नाही. एखाद्याच्या अंगात आत्ताच असेल.

तारामती : बरं झालं, खोटं बोलली न्हाईस. भुजंग, माझ्या बाजेची मच्छरदाणी काढून आण. सुनेच्या खोलीतली पण.

भुजंग : आन् तुम्ही? रात्रभर फोडून काढतील डास.

तारामती : मला होत न्हाई हा रोग. शिकलेली बाई सांगायलीय.

भुजंग : त्या सातांचं काय?

बुशरा : चारा सोडलाय, धड श्वास घेता येत नाही. बरे होतील असं वाटत नाही. हाल थांबवायला इंजेक्शन द्यावं लागेल. मग चुना टाकून खोल पुरायचं.

भुजंग : आई आलेल्या जिवाला मारायचं? वैनी, याला हात लावलात तर गाव दारात यायचं न्हाई!

तारामती : यीना तर यीना. पंधरा दिवस येऊन काय केलं गावानं? नारळ फोडले आन् खोबरं घरी नेलं. बैल सोड. कुदळ घे. मागच्या बांधाला खड्डा कर, कुत्र्याला उकरता येणार न्हाई एवढा. जा!

(भुजंग जातो. बैलांच्या घुंगरांचा आवाज हळूहळू गोठ्याकडे वळतो.)

तारामती : अमीरबीला फोन लाव. जाळ्या बांध म्हणावं, डासाला आत येऊ देऊ नको. तारामतीनं सांगितलं म्हण. नाव घेऊनच सांग.

बुशरा : सांगते. आजी, आता तुम्ही बाहेर बसा. तुम्हाला बघवणार नाही.

तारामती : रोज सकाळी आंघोळ करून यांच्या पाया पडलेय मी. आता दुसऱ्याच्या हातात कशी देऊ? आण इकडं पहिला. मी धरते, तू टोच.