हलू नको, ॲव्हरेज पडते

…अन् वरून मलेच म्हनते, "कुमुद, हलू नको, तू हलली की ॲव्हरेज पडते." आता सांगा, मानसानं गाडीत खोकलावं की नाई?

तुम्हाले सांगते, आमचे हे, दिवाकरराव, जन्मभर रेल्वेत मालगाडी चालवली. रिटायर झाले, गुडघे गेले, दोन चाकांवर तोल राहीना, तर मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं अन् सीट बसवून घेतली. झाली तीनचाकी. मी म्हटलं, चला, आपलं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, आपनही गाडीत बसून देवळात जाऊ. कायचं काय बाप्पा… बुढा मालगाडीतून उतरलाच नाई. एकदा चौथा गिअर टाकला की खाली आनायचं नाव नाई. गिअर बदलला की पेट्रोल जाते म्हने. उतार आला की इंजिन बंद. अन् मागून कोनी हॉर्न दिला का हे साईडले घेऊन उभे. काहून? तर जन्मभर बाजूच्या लाईनीवर उभं राहून मेल गाड्यायले रस्ता दिला, ते हाडातच बसलं.

अन् आज सकाळी आमच्या नातीची, संपदाची, सरकारी नोकरीची परीक्षा. या वर्षानंतर पोट्टीचं वय निघून जाते, म्हनजे आखरी मौका. सेंटर तिकडं भनपुरीकडं. नऊ वाजले की गेट बंद. सांगून ठेवलेला ऑटोवाला आलाच नाई, तर निघालो याच तीनचाकीत. दूधवाल्यानं हॉर्न दिला, आम्ही साईडले. स्कूलव्हॅननं दिला, साईडले. संपदा घड्याळ पाहून राहिली, मी संपदाले पाहून राहिली, अन् हे पेट्रोलचा काटा पाहून राहिले.

मंग आला पुलाचा चढ. चौथ्याच गिअरमधी. गाडी धडधडली, खोकलली, अन् अर्ध्या चढावर गपकन बंद. तुम्हाले सांगते, मागं मागं सरकाले लागली ना… अन् मागं लोखंड भरलेला ट्रक. यायनं ब्रेक दाबून धरला. संपदा रडकुंडीले आली, "आबा, फर्स्ट डालो ना, गेट बंद हो जाएगा." तर हे शांतपनी म्हनते, "पोट्टी, गिअर बदलला की पेट्रोल जाते. पहिले त्या ट्रकले जाऊ देऊ."

पोट्टीचा हात धरला मी. म्हटलं, आता समजावून काई होत नाई. माह्या साडीचा पदर हिरवा होता, नशीब. उभी राहिली तशीच सीटवर, पदर हालवला, अन् गार्डासारखी वरडली, "ड्रायव्हरसाब, आज मालगाडी नोहे. बड्या साहेबाची स्पेशल गाडी हाय. लाईन क्लियर."

काय सांगू तुम्हाले. बुढ्याची पाठ सरळ झाली. इंजिन चालू, पहिला गिअर, दुसरा, तिसरा, अशी पळवली का माह्या तोंडातली कवळी मीच धरून बसली. ट्रकवाले साईडले होऊन राहिले, कधी पाह्यलं होतं का असं? आलं सेंटर… अन् गेलं सेंटर. "अवो, थांबा ना, तेच होतं."

म्हने, "स्पेशल मधल्या टेशनावर थांबत नाई."

संपदाची लाल ओढनी खेचली अन् धरली यायच्या डोळ्यासमोर. तवा कुठं ब्रेक लागला. पोट्टी उडी मारून उलटी पळाली. गेटवाला गेट लोटतच होता, "भैया, रुको." तो म्हने, "दौड़ो दीदी, दौड़ो." शिरली आत. गेट बंद. ओढनी माह्याच हातात, अन् मी तिनंच डोळे पुसून राहिली.

वाटलं, आता तरी सुधरला बुढा. वापस निघालो तर म्हनते, "माल उतरला, रिकाम्या गाडीले घाई कायची?" चौथा गिअर. गिअर बदलला की पेट्रोल जाते. आमच्या पुरानी बस्तीच्या तोंडाशी इडलीवाल्यानं सायकलची घंटी वाजवली, हे साईडले. मागून म्हशी आल्या, त्यायलेही लाईन क्लियर. मी उतरली, पायी घरी आली, भात टाकला, वरन शिजलं, हे अजून नाई आले.

फोन केला तर म्हनते, "कुमुद, आज ॲव्हरेज लय चांगला पडून राहिला."

पडंल नाई तर काय… उभ्या गाडीले पेट्रोल लागते कुठं?