उसवलेला स्कर्ट

आई : सही करणार नाही म्हणजे नाही. टेप दे इकडे.

थोरली : टेप तुझ्या गळ्यातच आहे.

आई : असू दे. तू विषय बदलू नकोस.

थोरली : मी कुठे बदलतेय? चार दिवसांची बास्केटबॉलची स्पर्धा, बारा मुली, दोन शिक्षिका. आपली धाकटी शिडी संघात सगळ्यात उंच. ती नाही गेली तर बॉल कोण टाकणार, त्यांच्या मुख्याध्यापिका?

आई : कोणीही टाको. चौदा वर्षांची पोर, चार रात्री परक्या गावात. मुलांचाही संघ जातोय. मी चौकशी केलीय.

थोरली : म्हणून नाही?

आई : हो, म्हणूनच. एकदा हात पोळलाय माझा.

थोरली : तुझा?

आई : बरं, आपला. हळू बोल, गुंड्या उठेल.

थोरली : माझं लेकरू आहे, मला माहितीये. तो मशीनच्या आवाजातच झोपतो, मशीन थांबलं की उठतो. तू टीप मारत राहा.

आई : मारतेच आहे. डॉक्टरीणबाई संध्याकाळी शर्ट न्यायला येतील, अजून काजं व्हायचीत.

थोरली : आई, मी कुठल्या परक्या गावात गेले होते?

आई : झालं तुझं सुरू.

थोरली : सांग ना. कुठे गेले होते मी?

आई : वरच्या मजल्यावर.

थोरली : वरच्या मजल्यावर, त्या मुलाकडे गणित शिकायला. खाली तू मशीनवर, त्याची आई कामावर. तेव्हा कुठलं दार बंद ठेवलं असतंस?

आई : मीच पाठवलं तुला. मुलगा गणितात हुशार, घरातल्यासारखा. शिकवणीसाठी बाहेर कशाला जायचं, म्हटलं.

थोरली : गणितात हुशार होता. बाकी माझ्याइतकाच ढ. पहिल्यांदा काही होत नसतं, म्हणाला. मला खरं वाटलं. त्यालाही खरंच वाटत होतं.

आई : त्याची बाजू घेऊ नकोस. मामाकडे जाऊन बसला तो. सात महिन्यांचं झालं पोर, एकदा तोंड दाखवलं का?

थोरली : नाही दाखवलं. ते मी विसरणार नाही. पण त्यालाही कोणी काही सांगितलं नव्हतं, हेही खरंय.

आई : आता ते उगाळून काय उपयोग?

थोरली : मला काहीच नाही. शिडीला आहे. तिला आज सांग. सगळं.

आई : लहान आहे ती.

थोरली : मीही पंधराव्या वर्षी लहानच होते. सोळाव्या वर्षी एकदम आई झाले. मधे केव्हातरी सांगायचं होतं, ते तेवढं राहिलं.

आई : अशा गोष्टी कानावर घातल्या की डोक्यात भलतंसलतं येतं मुलींच्या.

थोरली : माझ्या कानावर कोणी काय घातलं होतं? तुझ्या गिऱ्हाईक बायका जरा काही बोलायला लागल्या की तू मला दोरा आणायला पिटाळायचीस. घरात दोऱ्याची चाळीस रिळं होती, आई.

आई : बेचाळीस.

थोरली : दवाखान्यात गुंड्या दोन दिवसांचा होता, तेव्हा ती जाडी नर्स माझ्या खाटेवर येऊन बसली. कंडोम काय असतो, सरकारी दवाखान्यात फुकट कसा मिळतो. काही चुकलंच तर गोळी असते, बहात्तर तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. आणि मुलीने नको म्हटलं की नको. पाच मिनिटांत सांगून मोकळी झाली. मी तिला म्हटलं, सिस्टर, हे आधी का नाही हो सांगितलंत? तर म्हणाली, अगं, आधी आमच्याकडे कोणी पाठवतच नाही.

(मशीन थांबतं.)

आई : मला माहीत होतं.

थोरली : नर्सचं?

आई : तुझं. घरात कळलं त्याच्या कितीतरी आधी.

थोरली : काय बोलतेस?

आई : शाळेचा स्कर्ट आवळतोय म्हणालीस. मी उसवला, शिवणीतली माया सोडली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. वीस वर्षं बायकांची मापं घेतेय मी. कुणाला चौथा लागलाय ते टेप लावताच कळतं मला. त्यांना आपण होऊन विचारते, कमरेत सैल ठेवू का म्हणून. तुला नाही विचारलं.

थोरली : तू म्हणालीस, वयच आहे, अंग भरतंय.

आई : माझी मीच समजूत घालत होते. तिसऱ्या वेळी सोडायला माया उरली नव्हती. मग पट्टी जोडली. रंग जुळवला, जोड प्लेटीखाली लपवला. इतकं सफाईदार काम मी जन्मात केलं नाही. तुझ्या बाबांनासुद्धा कळलं नाही.

थोरली : मी रोज वाट बघायचे. तू विचारलंस की सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. तू मला इथे उभं केलंस, तोंडात टाचण्या धरून माप घेत होतीस. मला वाटलं, टाचण्या काढल्या की विचारेल.

आई : म्हणूनच नव्हत्या काढल्या.

थोरली : आई गं.

आई : उठला बघ. दे माझ्याकडे.

थोरली : असू दे, घेतलाय मी. ए गुंड्या, काही नाही रे, आजी फक्त थांबलीय. आई, तेव्हा विचारलं असतंस तर अजून काही ठरवता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा म्हणाल्या, फार उशीर झाला.

आई : याला घेऊन असं बोलतेस?

थोरली : याला घेऊनच बोलतेय. हा मला हवाच आहे. पण शाळाही हवी होती. हा दहा वर्षांनी आला असता तरी माझाच असता ना?

धाकटी : झाली सही? उद्या सकाळी फॉर्म दिला नाही तर माझ्या जागी राखीवमधली मुलगी घेणारेत. ती साधा पास देत नाही कुणाला!

थोरली : शिडे, दप्तर हळू ठेव. आत्ता शांत झालाय.

आई : पेन आण. करते सही.

धाकटी : खरंच? ताई, काय केलंस तिला?

आई : पण आधी बस. तिकडे नाही, इथे, माझ्यासमोर.

धाकटी : ओरडणारेस?

आई : नाही. तुम्हाला शाळेत ते... शरीराचं वगैरे... शिकवलं का?

धाकटी : धडा आहे. बाई म्हणाल्या, घरी वाचा. मुलं खिदळत होती.

आई : मग वाचलास?

धाकटी : कुठे वाचू? एका खोलीत बाबा, दुसऱ्या खोलीत तुझी गिऱ्हाइकं.

थोरली : ऐक.

आई : तू गप्प बस, मी सांगतेय. हे बघ बाळा, मुलगा आणि मुलगी... जवळ आले... म्हणजे त्यांचा संबंध आला, तर एकदाच जरी आला, पहिल्यांदाच जरी आला, तरी दिवस जाऊ शकतात. पहिल्यांदा काही होत नाही असं कुणीही म्हणो, साफ खोटं आहे.

धाकटी : आई, शी!

आई : मान खाली घालू नकोस, मीही घालत नाहीये. कुणी अंगचटीला आलं आणि तुला नको असलं, तर नको म्हणायचं आणि तिथून निघायचं. कुठेही असलीस तरी मला फोन करायचा. मी आधी घ्यायला येईन, मग ओरडेन.

थोरली : ओरडायचंही नाही.

आई : बरं, नाही ओरडणार. घाई कसलीच नाहीये, हे आधी डोक्यात ठेव. आणि मोठी झाल्यावर तुझं तू काही ठरवलंस, तर कंडोमशिवाय नाही. त्यातूनही चुकलं, तर बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी असते. म्हणून लपवत बसायचं नाही. मला सांगायचं. माझी भीती वाटली तर ताईला, नाहीतर डॉक्टरीणबाईंना.

धाकटी : तुला हे सगळं माहितीये?

आई : गोळीचं आत्ता कळलं. बाकीचं माहीत होतं.

धाकटी : कधीपासून?

आई : पुष्कळ वर्षांपासून.

धाकटी : मग ताईला का नाही सांगितलंस?

थोरली : शिडे, पाणी पिऊन ये जा.

आई : नको, बसू दे तिला.

धाकटी : सांग ना. का नाही सांगितलंस?

आई : लाज वाटली गं.

थोरली : थांबू नकोस, आई. गोळी कुठे मिळते ते राहिलं.