नादारीच्या अर्जासोबत मासोळी

सावलीच्या खाजगी शाळेत लेकीच्या नादारीचा, म्हणजे फीमाफीचा, अर्ज द्यायला आलेलं मासे धरणारं जोडपं बाकावर बसलं. त्याच बाकावर आधीपासून बसलेल्या म्हाताऱ्या नानाजींनी पुस्तकातून मान वर केली नाही, पण कान तिकडेच होते.

“एवढी मोठी मासोळी काऊन आणली? आपल्याले गरीब कोण म्हणन?” बायको नवऱ्यावर करवादली.

“गुरुजीच्या दारी रिकाम्या हातानं येऊ का, भागीरथा?”

“नादारी नाई भेटली त मनकर्णाची शाळा सुटते!”

तेवढ्यात हेडमास्तर बाहेर आले.

“मुखरू, उत्पन्न किती लिहू?”

“तळं देईल तेवढं, गुरुजी.”

“बरं, लिहिलं. नादारी मंजूर. मासोळी मात्र घरी न्या, मी माळकरी आहे.”

“मंग दिवाळीले शिंगाडे आणतो, टोपलंभर.”

“पाहा गुरुजी! यायले गरीब दिसताच येत नाई.”