हुज्जत घालू नये

बसा, पुढे सरकून बसा. आजचं आख्यान देवाधर्माचं नाही, पिठाच्या गिरणीचं आहे. देव त्यात कुठे आहे ते तुम्हीच शोधा. आधी एक सांगा — आपलं चुकलं, तर ते कुणीतरी येऊन सांगतं का? आणि कुणी काही बोललं नाही, म्हणजे आपलं बरोबरच चाललंय का?

मान हलवू नका, ऐका!

वांगरवाडीचे दिनकरराव कुंभोजे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर उभं आयुष्य गेलं. उसाची गाडी आली की नंबर द्यायचा. पाटलाची असो, गड्याची असो, नंबर म्हणजे नंबर! निवृत्त झाले आणि मनात आलं — आता स्वतःचं काहीतरी करायचं. आयुष्यात पहिल्यांदा धंदा. फंड होता तेवढा घातला आणि गिरणी टाकली. नवी कोरी मशीन, दाराला झेंडूचं तोरण, आणि भिंतीवर ठळक पाटी: ‘दळण नंबरानेच मिळेल. हुज्जत घालू नये.’

पहिल्या आठवड्यात ही गर्दी! दिनकरराव खूश. दुसऱ्या आठवड्यात निम्मी. महिन्याभरात गिरणीत उरले कोण? दिनकरराव आणि चिमण्या.

का हो? पीठ जाड यायचं? नाही, मऊसूत. माप मारायचे? छे, भला माणूस. मग बायका भरलेले डबे घेऊन यांच्या दारावरून पुढे, पार ओढ्यापलीकडे यशवंता लाडाच्या जुनाट गिरणीत का जायच्या? दिनकररावांनाही हेच कोडं. कुणी म्हणालं, दार दक्षिणेला आहे. झालं, दार फिरवलं. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. लिंबू-मिरची टांगली. चिमण्या तेवढ्या वाढल्या.

वसंतराव, पेटी वाजवा, हसू नका. तुमच्या दुकानात काय वेगळं चाललंय?

गिरणी बंद पडली तर म्हातारपणी पुन्हा कुणाच्या तरी दारात नोकरी मागायची, या विचारानं दिनकररावांना जेवण जाईना. एका सकाळी ते दारात उभे होते. बघतात तर समोरून एक बाई चाललेली. डोक्यावर डबा, तोंडावर पदर. चाल ओळखीची, आणि डबा तर घरचाच! कोण असेल?

बरोबर ओळखलंत. त्यांचीच बायको, कुमुदताई!

दिनकरराव गुपचूप मागं निघाले. राग होताच, पण रागापेक्षा उत्सुकता मोठी. ओढा ओलांडला. यशवंताच्या गिरणीच्या दारात उभे राहून बघतात, तर तिथं नंबरच नाही! यशवंता प्रत्येकीला विचारतोय, “काय आणलंस गं? ज्वारी? ये, ज्वारीच्या मागं लाग. हरभरा? तू थांब, शेवटी. उद्या एकादशी, राजगिरा कुणाचा आहे? थांबा, गिरणीचे दगड उघडून झाडून घेतो, मग पहिला तुमचा.”

कुमुदताईंनी वळून पाहिलं. समोर नवरा!

“कुमुद, तू सुद्धा?”

“अहो, काय करू? तुमच्याकडं हरभऱ्यामागं आपली ज्वारी पडली. भाकरीला बेसनाचा वास. शांताकाकूंचा गहू नाचणीमागं, पोळ्या काळ्या. आणि गोदाक्कांचा राजगिरा गव्हामागं! म्हातारीचा उपास मोडला, रडत होती ती.”

“पण मी सगळ्यांना सारखंच वागवलं! नंबर कुणाचा चुकवला नाही.”

“काट्यावर सगळा ऊसच यायचा हो. इथं प्रत्येकीच्या डब्यात वेगळं असतं.”

दिनकरराव बारीक आवाजात म्हणाले, “मग मला सांगितलं का नाहीस?”

कुमुदताई म्हणाल्या, “तुम्हीच पाटी लावलीय ना, हुज्जत घालू नये.”

आहाहा! आता नाही हसलात.

दिनकरराव घरी आले आणि आधी पाटी उतरवली. त्याच पाटीच्या मागच्या बाजूला कुमुदताईंनी खडूनं लिहिलं, ‘काय आणलंय ते आधी सांगा.’ मग दोघं गोदाक्कांकडे गेले. दिनकररावांनी म्हातारीची माफी मागितली आणि तिचा राजगिरा स्वतः घेऊन आले. दगड उघडले, कुंचल्यानं कानाकोपरा झाडला, आणि त्या दिवशीचं पहिलं दळण तिचं. एकादशीला गोदाक्कांनी राजगिऱ्याची भाकरी खाल्ली आणि दारोदार जाऊन सांगितलं. पुढच्या बाजारादिवशी ओढ्याकडे जाणाऱ्या बायका दिनकररावांच्या दारात थांबू लागल्या.

आता देव कुठे आहे, सापडला? मला विचाराल तर तो त्या डब्यात आहे. प्रत्येकाच्या डब्यात निराळा, आणि विचारल्याशिवाय दिसत नाही.

गिरणी दिनकररावांची, पण पाटी? जरा आपल्या कपाळाला हात लावून बघा, तिथंही लटकतेय का. घरात आपण पाऊल टाकलं की पोरं उठून आत जातात, सून बोलता बोलता थांबते. आपल्याला वाटतं, काय शिस्त आहे माझ्या घरात! अहो, शिस्त कसली, ती सगळी ओढ्यापलीकडे दळायला निघालीत!

तेव्हा आज घरी जा. चपला काढा, पाणी प्या, आणि घरच्या माणसाला एवढंच विचारा — माझं काय चुकतं? उत्तर येईल. यायला वेळ लागेल, पण येईल.

आणि आलं की, मायबाप, तेवढी हुज्जत घालू नका. चला, टाळ उचला.