तिसरा जिना

हाडांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर पायाला प्लास्टर घातलेला मुलगा आणि त्याचे वडील बसले होते.

"तीन किलो उतरलास. डॉक्टर काय म्हणाले?"

"वाढत्या वयात वजन घटलं, तर हाडंही नीट भरत नाहीत."

"मग ताटात अर्धं का टाकतोस?"

"भूक नसते."

"खरं सांग."

"बाबा, तुम्ही मला पाठीवर घेऊन चार जिने चढता. तिसऱ्यावर थांबावं लागतं तुम्हाला."

"अरे, मी हमाल माणूस. दिवसभर पोतीच वाहतो."

"म्हणून तर. त्यात आणखी माझं ओझं कशाला?"

"वेडा रे वेडा. पोतं कधी एकदा उतरवतो असं होतं. तू पाठीवर असलास, की जिने संपूच नयेत असं वाटतं. तिसऱ्यावर काय उगाच थांबतो?"